गुरूच्या क्रोधाला दंड

वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात १९३७ सालच्या ऑक्टोबरच्या २२ व २३ तारखांस महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली, आणि तिने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने नयी तालीम या शिक्षणपद्धतीचा आराखडा तयार केला. त्याच वर्षी दूर सिमल्यास अखिल भारतीय फुटबॉल महासंघ स्थापन झाला. या दोन घटनांचा परस्परांशी काडीइतकाही संबंध नव्हता. तथापि शिकवणाऱ्याचा हात क्रोधाने उठला तर त्याचा जाब कोणी घ्यावा, या प्रश्नाची दोन निराळी उत्तरे या दोन परंपरांत सापडतात.

वर्ध्यास आलेले उत्तर दक्षिण आफ्रिकेत घडले होते. टॉलस्टॉय आश्रमात एका दांडगट मुलावर गांधींनी आखणीची पट्टी उगारली, ती मारताना त्यांचा स्वतःचाच हात कापत होता, आणि या हिंसेचा पश्चात्ताप आपणास अद्यापि होतो अशी नोंद त्यांनी आत्मकथेत केली. पुढे फिनिक्स येथे दोघा आश्रमवासीयांचे नैतिक स्खलन झाले, तेव्हा गांधींनी स्वतःसच सात दिवसांचा उपवास व साडेचार महिने एकभुक्त राहण्याचे व्रत लावून घेतले. फिर्यादी, आरोपी आणि न्यायाधीश या तिन्ही नात्यांनी तेथे शिक्षकच उभा होता.

फुटबॉलचे उत्तर कलमांच्या वाटेने, आणि फार सावकाश आले. मैदानाबाहेरून प्रशिक्षकाने सूचना देणे हेच मुळी दीर्घकाळ नियमबाह्य होते. १९९३ साली त्याला मैदानालगत आखीव जागा मिळाली आणि तेथून बोलण्याची मुभा मिळाली. विश्वचषकात १९७० साली अवतरलेली पिवळी व तांबडी कार्डे खेळाडूंपुरतीच होती. प्रशिक्षकांस ती दाखविण्याचा अधिकार पंचांस २०१९ च्या नियमावलीने दिला. तीत एक मार्मिक तरतूद आहे : राखीव बाकावरील नेमका कसूरवार ओळखता आला नाही, तर तेथे हजर असलेल्या ज्येष्ठ प्रशिक्षकाने ते कार्ड स्वीकारावे.

त्यापूर्वीची दंडपद्धती गोमंतकात दिसून आली. २३ ऑक्टोबर २०१४ रोजी फातोर्ड्यास गोवा व कोलकाता या संघांचा साखळी स्पर्धेतील सामना चालू असता मध्यंतरात आत जाण्याच्या वाटेवर झटापट झाली. महासंघाच्या शिस्तपालन समितीने कोलकात्याचे प्रशिक्षक अंतोनियो हाबास यांस चार सामन्यांची बंदी व पाच लाख रुपये दंड ठोठावला. गोव्याचे खेळाडू रॉबेर पिरेस हेही दंडमुक्त राहिले नाहीत. हाबास यांच्या संघाने त्याच वर्षी त्या स्पर्धेचे अजिंक्यपद पटकावले, यावरून दंड हा विजयाचा वैरी नव्हे, एवढे तरी सिद्ध होते.

या दोन उत्तरांत श्रेष्ठ कोणते? अनुताप निःसंशय उच्च. परंतु तो हुकमाने उत्पन्न करता येत नाही, आणि ज्याच्यावर हात पडला त्याने गुरूच्या अनुतापाची वाट किती काळ पाहावी? शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने सतराव्या कलमात शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध ठरवून शिक्षकावर शिस्तभंगाची कारवाई फर्मावली, आणि तो अंमल वर्ध्याच्या शाळांवरही आहे. तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या फुटबॉल सामन्यांचे संयोजन करणाऱ्यांनी म्हणूनच प्रशिक्षकाच्या वर्तनाचे नियम व दंड हंगामापूर्वी लेखी जाहीर करावेत. उपवासाचा मार्ग ज्याला पत्करायचा असेल त्याला तो त्यानंतरही मोकळाच आहे.