ब्रासेरो योजना
मेक्सिकन शेतमजुरांना ठराविक मुदतीच्या कराराने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कामास आणण्याची शासकीय योजना (१९४२–६४). बाहू या अर्थाच्या ‘ब्रासो’ या स्पॅनिश शब्दावरून अंगमेहनत करणाऱ्या मजुरास ब्रासेरो म्हणत. परदेशी मजुरांमुळे स्थानिकांचा रोजगार व वेतन घटते काय, या वादात या योजनेचे उदाहरण महत्त्वाचे मानले जाते.

दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीमुळे व युद्धसाहित्याच्या कारखान्यांतील वाढत्या कामामुळे शेतीस मजूर अपुरे पडू लागले. तेव्हा ऑगस्ट १९४२ मध्ये उभय देशांत करार झाला. त्यात प्रवासखर्च, निवास व किमान वेतन यांची हमी होती; स्थानिक मजुरांना दूर सारण्यासाठी अथवा प्रचलित वेतन उतरविण्यासाठी ब्रासेरोंना कामावर घेऊ नये, असेही कलम होते. युद्धानंतरही योजना चालू राहिली व १९५१ मध्ये तिला स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला. एकंदर सु. ४६ लक्ष करार झाले. त्यांपैकी अनेक त्याच मजुरांशी पुन्हा झालेले होते.

प्रत्यक्षात या अटींचे वारंवार उल्लंघन होई. ब्रासेरोस स्वेच्छेने मालक बदलता येत नसे. तक्रार केल्यास मायदेशी परत पाठविले जाण्याची भीती असे. असा मजूर हाताशी असल्याने स्थानिकांची सौदाशक्ती खचते, हा कामगार संघटनांचा आक्षेप केनेडी शासनाने ग्राह्य मानला आणि १९६४ अखेर योजना संपुष्टात आली.

मजूर कमी झाल्यावर स्थानिकांचे वेतन वाढेल, अशी अपेक्षा होती. तथापि मायकेल क्लेमन्स, ईथन लुइस व हॅना पोस्टेल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ब्रासेरोंवर अधिक अवलंबून असलेल्या राज्यांत वेतन इतरत्रपेक्षा वेगाने वाढल्याचे आढळले नाही. मालकांनी अन्य मार्ग शोधले होते. कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित झालेले टोमॅटो-तोडणी यंत्र त्या राज्यात दशकाअखेर प्रक्रियेसाठीच्या जवळजवळ सर्व पिकास वापरले जाऊ लागले; यंत्र नसलेल्या काही पिकांचे उत्पादन घटले. याउलट १९६५ मध्ये डेलॅनो येथे फिलिपिनो व मेक्सिकनवंशीय द्राक्षमजुरांनी सुरू केलेल्या संपातून १९७० मध्ये सामूहिक वेतनकरार झाले.

परके मजूर गेले म्हणून त्यांची कामे स्थानिकांच्या वाट्यास येतातच असे नाही. पिके, यंत्रे व मजुरांचे हक्क यांवरही ते अवलंबून असते, असे या योजनेच्या इतिहासावरून दिसून येते.