मुंगुसाची मुळी

श्रोतेहो, कन्हानच्या काठी, खाप्याच्या शिवारात धुऱ्यावरून पळणारे मुंगूस आपण सर्वांनीच पाहिले असेल. त्याची गोष्टही ठाऊक असेल. मुंगूस सापाशी झुंजते, दंश झाला की रानात जाऊन एक मुळी खाते, आणि ताजेतवाने होऊन परत येते. ही मुळी कोणती, असे विचारा बरे! कुणी सर्पगंधेचे नाव घेईल, कुणी दुसऱ्याच वेलीचे.

गोष्ट मात्र फार जुनी. अथर्ववेदाच्या आठव्या कांडात रोग्यासाठी वनस्पतींना आवाहन केले आहे. तेथे रानडुकराला वनस्पती कळते, मुंगुसाला औषधी कळते, असा उल्लेख येतो. पुढे १५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरील ग्रंथ छापला गेला. त्यातही मुंगूस आणि सापावरची मुळी यांची हकीकत आहे. १७५३ मध्ये स्वीडनच्या लिनियसने तर एका वनस्पतीच्या शास्त्रीय नावातच 'मुंगोस' शब्द घातला!

मग यात खरे किती? नागाचे विष मज्जातंतूंचा निरोप स्नायूंना मिळू देत नाही. निरोप घेण्याची जी जागा, तीच ते अडवून बसते. १९९२ साली इस्राएलमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, मुंगुसाच्या स्नायूंत त्या जागेची घडणच निराळी असते. कुलूप वेगळे, म्हणून विषाची किल्ली लागत नाही. त्यात अंगची चपळाई आहेच. म्हणजे मुंगुसाचे औषध रानात नाही, त्याच्या अंगातच आहे.

सर्पगंधा गुणी आहे, पण वेगळ्या कामी. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील तिचा उपयोग जगापुढे मांडला. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढले गेले.

तर मग जनावरे औषध घेतात, हे सगळेच खोटे का? तसे नव्हे. १९८७ साली टांझानियातील महाले येथे मायकेल हफमन यांनी एका आजारी चिंपांझी मादीला एरवी फारसे न खाल्ले जाणारे कडू झाड सोलून त्याचा गाभा चघळताना पाहिले. ती दुसऱ्या दिवशी सावरली. २०२२ मध्ये सुमात्रात राकुस नावाच्या ओरांगउटानने एका वेलीची पाने चावून त्यांचा रस गालावरच्या जखमेला लावला. थोड्याच दिवसांत जखम मिटली. ही वेल तेथील माणसेही औषधात वापरतात.

दोन्हींत फरक काय? चिंपांझीवर शास्त्रज्ञांनी दिवसच्या दिवस डोळा ठेवला, टिपणे केली, वनस्पती तपासली. मुंगुसाची गोष्ट मात्र एकाने सांगितली, दुसऱ्याने पुढे नेली. गुरुजी, मुलांना हा फरक अवश्य सांगा.

कारण हा नुसता गमतीचा विषय नाही. आपल्या स्नायूंतले कुलूप मुंगुसाचे नाही. साप चावल्यावर मुळीच्या शोधात घालवलेली घटका जीव घेऊ शकते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषांवर चालणारी लस असते, आणि ती दवाखान्यात मिळते. तेव्हा मुंगुसाचे कौतुक खुशाल करा. माणसाला मात्र तडक दवाखान्यात न्या.