छोट्या पडद्यावरची चेटकीण : प्रेक्षकांची मते आणि कायद्याची चौकट

(खास प्रतिनिधी)

सातारा/सांगली - हडळ, चेटकीण, करणी किंवा वशीकरण दाखविणाऱ्या मालिकेचा एखादा भाग रात्री प्रसारित झाला, की दुसऱ्या दिवशी त्यावर हमखास चर्चा झडते. कुणाला तो करमणुकीचा उत्तम नमुना वाटतो, कुणाला अंधश्रद्धेला घातलेले खतपाणी, तर कुणी चित्रचमत्कारांतील उणिवांवर बोट ठेवतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या कार्यामुळे सातारा आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या वार्तापत्रामुळे सांगली ही दोन्ही शहरे या चळवळीशी निगडित आहेत. त्यामुळे येथील चर्चेला केवळ मनोरंजनापलीकडचे परिमाण लाभते. या चर्चेतील मुख्य मते कोणती, कायदा कोणत्या गोष्टीला गुन्हा मानतो आणि प्रेक्षकाला तक्रार कोठे करता येते, याचा हा आढावा.

हडळ मृत, चेटकीण जिवंत

चर्चेत अनेकदा भूत, हडळ आणि चेटकीण हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. मराठी लोकसमजुतीत मात्र त्यांच्यात स्पष्ट फरक आहे. मुंज झाल्यानंतर, परंतु विवाहापूर्वी मरण पावलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, बाळंतपणात मरण पावलेली स्त्री अळवंतीण होते, असे मानले जाते. हडळ, जखीण हीदेखील मृत स्त्रीचीच रूपे समजली जातात. याउलट चेटकीण ही जिवंत बाई असते. ती गावातच राहते, चेटूक करते, तिच्या नजरेने मूल आजारी पडते, गाय आटते, असा समज असतो. सातपुड्याच्या परिसरात, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यात, अशा स्त्रीला 'डाकीण' म्हणतात.

हा फरक केवळ शब्दार्थाचा नाही. हडळीच्या भीतीने माणूस फार तर रात्री विहिरीकडे जाण्याचे टाळेल. चेटकिणीच्या भीतीला मात्र नाव आणि पत्ता असतो. शेजारची एकटी राहणारी विधवा, मूलबाळ नसलेली सून, जमिनीत वाटा मागणारी भावजय यांच्याकडे संशयाचे बोट वळते आणि त्यातून मारहाण, बहिष्कार, प्रसंगी हत्याही घडते. ऑगस्ट २०१७ मध्ये उत्तर भारतात 'वेणी कापणाऱ्या चेटकिणी'ची अफवा पसरली असताना आग्रा जिल्ह्यात एका वृद्ध महिलेला जमावाने संशयावरून ठार मारले होते. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, 'स्टार प्लस'वर सुरू झालेल्या 'नजर' या हिंदी मालिकेतील डायन नेमकी लांब वेणी मिरविणारी होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

पडद्यावरील वाटचाल

उपग्रह वाहिन्यांच्या प्रारंभीच्या काळात 'झी हॉरर शो' (१९९३) आणि 'आहट' (१९९५) या हिंदी मालिकांनी भयकथेचा प्रेक्षक तयार केला. मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांची मोठी वाचकपरंपरा होतीच. मतकरींच्या कथांवर आधारित 'गहिरे पाणी' ही मालिकाही प्रेक्षकांच्या स्मरणात आहे.

गेल्या दशकातील सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे 'झी मराठी'वरील 'रात्रीस खेळ चाले'. २२ फेब्रुवारी २०१६ रोजी या मालिकेचा पहिला भाग प्रसारित झाला. सावंतवाडीनजीकच्या आकेरी येथील वाड्यात चित्रित झालेल्या या मालिकेची दुसरी मालिका २०१९ मध्ये आणि तिसरी २०२१ मध्ये आली. अण्णा नाईक आणि शेवंता ही नावे घराघरांत पोहोचली. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच वाहिनीवर 'सातव्या मुलीची सातवी मुलगी' ही 'त्रिनयनी' या बंगाली मालिकेवर बेतलेली कथा सुरू झाली. भविष्य दिसणारी नेत्रा आणि घरातल्याच स्त्रीच्या रूपात वावरणारा विरोचक असा संघर्ष त्यात होता. ही मालिका २०२४ च्या अखेरीस संपली.

प्रेक्षकांची तीन मते

अशा मालिकांबाबत ढोबळमानाने तीन मते ऐकू येतात.

पहिले मत करमणुकीचे. 'राक्षस, जादू, चेटूक आपल्या कहाण्यांत पूर्वीपासून आहे. लहानपणी आजीने सांगितलेल्या गोष्टी ऐकून कोणी बिघडले नाही. मग मालिकेचाच बाऊ कशाला?' असा या प्रेक्षकांचा सवाल असतो. हा वर्ग अभिनयाला दाद देतो. 'सातव्या मुलीची...'मध्ये ऐश्वर्या नारकर यांनी साकारलेल्या खलभूमिकेचे कौतुक झाले, ते याच दृष्टीने.

दुसरे मत आक्षेपाचे. 'रात्रीस खेळ चाले' सुरू होताच कोकणाचे विकृत चित्र रंगविले जात असल्याची आणि अंधश्रद्धेला प्रोत्साहन मिळत असल्याची टीका झाली होती. मालिकेत विज्ञाननिष्ठ सुनेचे पात्र आहे, प्रत्येक घटनेमागचे कारण शोधण्याचा ती प्रयत्न करते, असा बचाव त्यावर करण्यात आला. शेवटच्या भागावरही उलटसुलट प्रतिक्रिया उमटल्या. भूत होते की माणसाचा हात होता, याचे समाधानकारक उत्तर मिळावे, ही प्रेक्षकांची रास्त अपेक्षा असते.

तिसरे मत तुलनेने कमी बोलले जाते, परंतु ते अधिक मोलाचे आहे. 'भूत दाखवा, पण प्रत्येक वेळी ती बाईच का?' असा प्रश्न अनेक महिला प्रेक्षक विचारतात. मोकळे केस, ठसठशीत कुंकू, चढा आवाज आणि घरातील कोणाचेही न ऐकणे, ही पडद्यावरील चेटकिणीची ठरलेली लक्षणे आहेत. यातील बहुतेक लक्षणे कोणत्याही करारी स्त्रीला लागू पडतात. घरातील सून वा सासू हीच मूळ अरिष्ट आहे, हे सूत्र रोज रात्री दाखविले गेले, तर प्रेक्षकाचा भुतावरचा विश्वास वाढेल की नाही हे सांगणे अवघड, पण बाईवरचा संशय मात्र पक्का होतो, असे या मताचे सार आहे.

भयकथेचा विधायक उपयोग

भयकथा म्हणजे अंधश्रद्धाच, असे समीकरण मांडणेही योग्य नव्हे. विशाल फुरिया दिग्दर्शित 'लपाछपी' हा मराठी चित्रपट जुलै २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. उसाच्या फडांनी वेढलेल्या घरात गरोदर स्त्रीला दिसणारी भुते हा त्याचा विषय, पण खरे भय होते ते मुलगी नको असलेल्या कुटुंबाचे. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ (ता. मिरज) येथे १९ भ्रूणांचे अवशेष सापडून राज्य हादरले होते. त्यामुळे ऊसपट्ट्यातील प्रेक्षकाला हा चित्रपट निव्वळ भुताचा वाटणे शक्य नव्हते. या चित्रपटाची 'छोरी' ही हिंदी आवृत्ती २०२१ मध्ये आली.

सातारा जिल्ह्याचा अनुभवही असाच बोलका आहे. ऑगस्ट २०२० ते ऑगस्ट २०२१ या काळात प्रसारित झालेल्या 'देवमाणूस' मालिकेत एकही भूत नव्हते. वाई परिसरात २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या हत्याकांडावर ती बेतल्याचे सर्वत्र मानले गेले. डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या संशयितावर सहा जणांच्या हत्येचा आरोप ठेवण्यात आला होता. गावाने ज्याला देव मानले, तोच घातकी निघाला, ही त्या मालिकेतील भीती होती. दुसरीकडे भूतबाधेसाठी वापरला जाणारा 'लागीर' हा शब्द 'लागिरं झालं जी' (२०१७-२०१९) या साताऱ्यात घडणाऱ्या मालिकेने प्रेमाच्या अर्थाने महाराष्ट्रभर नेला. शब्दांचे भय कथेमुळे वाढते, तसे ते कमीही होऊ शकते, याचे हे साधे उदाहरण.

म्हैसाळचा धडा

'आजच्या शिकलेल्या समाजात मालिका पाहून कोण फसणार?' असा युक्तिवाद नेहमी केला जातो. त्याला म्हैसाळनेच उत्तर दिले आहे. २० जून २०२२ रोजी तेथे एकाच कुटुंबातील नऊ जणांचे मृतदेह दोन घरांत आढळले. मृतांत दोन सख्खे भाऊ होते, एक शिक्षक, तर दुसरा पशुवैद्यक. प्रारंभी ही कर्जबाजारीपणातून झालेली सामूहिक आत्महत्या समजली गेली. पोलिसांच्या तपासात मात्र गुप्तधनाचे आमिष दाखविणाऱ्या मांत्रिकाने विषप्रयोग केल्याचे निष्पन्न झाले आणि त्याला साथीदारासह अटक झाली.

या घटनेचा कोणत्याही मालिकेशी संबंध जोडता येणार नाही. मात्र शिक्षण हे मांत्रिकापासूनचे कवच ठरतेच असे नाही, एवढे त्यातून स्पष्ट होते. मंत्रतंत्राने धन मिळते, हे विधान पडद्यावर निर्विवाद सत्य म्हणून येते, तेव्हा पाहणाऱ्यांत अडचणीत सापडलेले एखादे कुटुंबही असू शकते.

कायदा काय सांगतो?

साताऱ्यात वैद्यकीय व्यवसाय केलेल्या डॉ. दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दीड दशकाहून अधिक काळ पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्य सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. हत्येच्या खटल्यात १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली, तर तिघांची मुक्तता केली.

कायद्यातील ठळक बाबी अशा :

* अनुसूचीत बारा प्रकारची कृत्ये नमूद आहेत. ती करणे, तसेच त्यांचा प्रचार व प्रसार करणे हा गुन्हा आहे.
* एखादी व्यक्ती करणी वा जादूटोणा करते, मंत्राने जनावरांचे दूध आटविते, ती सैतान आहे, असे जाहीर करणे गुन्हा आहे. म्हणजेच जिवंत बाईला चेटकीण ठरविणे कायद्याने निषिद्ध आहे.
* भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण, गुप्तधनासाठी अमानुष कृत्ये, सर्पदंश वा श्वानदंशावर वैद्यकीय उपचार रोखून मंत्रतंत्र करणे, हेही गुन्हे आहेत.
* शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे.

काल्पनिक भूतकथा सांगणे वा दाखविणे याचा अनुसूचीत समावेश नाही. मात्र कथा संपून दावा सुरू झाला, की परिस्थिती बदलते. चमत्कारी यंत्र, तावीज यांच्या दूरचित्रवाणीवरील जाहिराती याच कायद्यानुसार बेकायदा असल्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये दिला. मालिकेतील चेटकीण ही कल्पना आहे. त्याच पडद्यावर विकली जाणारी 'नजर उतरविणारी' वस्तू ही फसवणूक आहे. ही सीमारेषा प्रेक्षकांनी ध्यानात ठेवावी.

देशात अशा कायद्यांची सुरुवात बिहारने १९९९ मध्ये केली. त्यानंतर झारखंड (२००१), छत्तीसगड (२००५), राजस्थान व आसाम (२०१५) आदी राज्यांनी चेटकीण ठरविण्याच्या प्रथेविरुद्ध स्वतंत्र कायदे केले.

तक्रार कोठे करावी?

केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील सहाव्या नियमात कार्यक्रम संहिता दिली आहे. अंधश्रद्धेला किंवा अंधविश्वासाला उत्तेजन देणारा कार्यक्रम प्रसारित करू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार तक्रारीचे तीन टप्पे आहेत :

१) प्रथम वाहिनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. तिचा निर्णय १५ दिवसांत अपेक्षित आहे.

२) समाधान न झाल्यास १५ दिवसांच्या आत स्वयंनियमन संस्थेकडे अपील. मनोरंजन वाहिन्यांसाठी २०११ पासून 'ब्रॉडकास्टिंग कंटेंट कम्प्लेंट्स कौन्सिल' कार्यरत आहे. अपिलावर ६० दिवसांत निर्णय द्यावयाचा असतो.

३) त्यानंतर केंद्र सरकारची देखरेख यंत्रणा.

तक्रारीत मालिकेचे नाव, प्रसारणाची तारीख व वेळ आणि आक्षेपार्ह प्रसंगाचे नेमके वर्णन द्यावे. 'संपूर्ण मालिकाच बंद करा' अशा मागणीपेक्षा 'अमुक भागात आजारी मुलीला रुग्णालयाऐवजी मांत्रिकाकडे नेले आणि ती बरी झाली' अशी नेमकी तक्रार अधिक परिणामकारक ठरते.

भाग पाहताना

मुलांसमवेत असा भाग पाहणाऱ्या पालकांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. आजारपणावर कथेने डॉक्टर सुचविला की मांत्रिक? संकटाला जबाबदार म्हणून कोणाकडे बोट दाखविले? आणि शेवटी काही उलगडा झाला की केवळ भीती उरली? भाग संपल्यावर यावर पाच मिनिटे बोलणे पुरेसे असते. 'ही मालिका काल्पनिक आहे' अशी सूचना काही सेकंदांत पडद्यावरून निघून जाते. वडीलधाऱ्यांनी समजावून सांगितलेले मात्र मुले विसरत नाहीत.

भुताच्या गोष्टी मराठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्या आणि पुढेही तो ऐकणार आहे. त्यावर बंदी घालावी, असे कायदा म्हणत नाही. भीती गोष्टीतच राहावी, शेजारच्या घरातील बाईपर्यंत पोहोचू नये, एवढेच त्याचे म्हणणे आहे. मालिका लिहिणाऱ्यांनी आणि पाहणाऱ्यांनीही हे पथ्य पाळावे, अशी अपेक्षा आहे.