पोलादाची कमान आणि लोहचुंबक

घड्याळ आणि लोहचुंबक यांचे वैर किती जुने, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. किल्लीचे घड्याळ आता पुष्कळ घरांत वडिलांची आठवण म्हणून कपाटात पडून असते, आणि वेळ सांगण्याचे काम खिशातल्या मोबाईलने पत्करले आहे. परंतु ज्या काळी भर समुद्रात जहाजाचा ठावठिकाणा घड्याळावरून ठरत असे, त्या काळी हा प्रश्न जिवावरचा होता. पृथ्वी चार सेकंदांत रेखांशाची एक कला फिरते, आणि विषुववृत्तावर ती एक कला म्हणजे एक सागरी मैल. जहाजावरील क्रोनोमीटर दिवसाला दोनच सेकंद अधिक पळू लागला व कप्तानास त्याचा पत्ता नसला, तर साठ दिवसांच्या सफरीअखेर नकाशावरची जागा आणि खरी जागा यांत तीस मैलांचे अंतर पडे. अंधाऱ्या रात्री अनोळखी किनारा जवळ आला असता तीस मैल म्हणजे काय, हे दर्यावर्द्यांस सांगावे लागत नसे.

घड्याळाच्या पोटात एक चाक सारखे मागेपुढे झुलत असते. घड्याळजी त्यास बॅलन्स म्हणतात. त्याला वळणदार शिस्त लावणारी केसासारखी बारीक कमान म्हणजे हेअरस्प्रिंग. ख्रिश्चन हायगेन्स या डच पंडिताने १६७५ साली ती जाहीर केली, आणि लगेच इंग्लंडात रॉबर्ट हूक याने ‘ही कल्पना आधी माझी’ म्हणून तक्रार मांडली. तो तंटा येथे उकरून काढण्याचे कारण नाही. आपणास महत्त्वाचे एवढेच की, ही कमान पुढे पाणी दिलेल्या कडक पोलादाची होऊ लागली. मऊ लोखंड वाकले की वाकलेलेच राहते. कडक पोलाद मात्र आपल्या आकारावर परत येते. पण निसर्गाची मौज अशी की, जे पोलाद आपला आकार सोडीत नाही, तेच एकदा अंगी आलेले चुंबकत्वही सोडीत नाही. मऊ लोखंडाचे चुंबकत्व चुंबक दूर होताच बहुतेक ओसरते. ज्या गुणासाठी पोलादाची निवड झाली, त्याच्याच पोटी हा दोष आला होता.

कमानीचे वेढे चुंबकत्वाने एकमेकांस चिकटले म्हणजे ती जणू आखूड होते. आखूड कमान अधिक ताठर, म्हणून बॅलन्सचे हेलकावे जलद पडतात आणि घड्याळ पुढे धावू लागते. हजार ठोक्यांमागे एक ठोका अधिक पडला तरी दिवसाकाठी ८६ सेकंदांचा फरक होतो. चुंबकत्व जोराचे असेल तर फरक मिनिटांच्या हिशेबात जातो, किंवा घड्याळ बंदच पडते.

या दोषाचा माग प्रथम कारागिरांनी काढला, हे आम्हांस विशेष वाटते. १७९८ साली सॅम्युएल व्हार्ली या घड्याळकाराने एका इंग्रजी शास्त्रीय मासिकात लिहिले की, बॅलन्सला चुंबकासारखे उत्तर-दक्षिण ध्रुव असतात आणि घड्याळाची दिशा बदलली की त्याची चालही बदलते. पुढे १८१८ साली डेव्हिड बुकन याच्या हाताखाली ‘डोरोथिया’ आणि ‘ट्रेंट’ ही दोन इंग्रजी जहाजे उत्तर ध्रुवाच्या दिशेने निघाली. त्यांवरील ज्योतिषी जॉर्ज फिशर याच्या ध्यानात आले की, किनाऱ्यावर नीट चालणारे क्रोनोमीटर जहाजावर अधिक वेगाने चालतात. १८२० साली रॉयल सोसायटीपुढे त्याने याचा दोष जहाजातील लोखंडावर ठेवला. बॅलन्सच्या कड्याला दोन पदर असत, बाहेरचा पितळेचा व आतला पोलादाचा. त्या आतल्या पदरावरच फिशरचा संशय होता. लगोलग पीटर बार्लो याने लोखंडाशेजारी क्रोनोमीटर ठेवून पाहिले. त्याला चाल बदललेली दिसली खरी, पण ती एकाच बाजूस नव्हे. कोठे पुढे, कोठे मागे. आमच्या मते फिशरने गुन्हेगार बरोबर पकडला, मात्र त्याच्यावर गुन्हे जरा जास्तच लादले.

फिशरच्या वेळी लोखंडी जहाजे मोजकी होती आणि वीज प्रयोगशाळेत होती. शतक सरता सरता डायनामो आणि ट्रामगाड्या आल्या, आणि चुंबक सामान्य माणसाच्या खिशाजवळ येऊन ठेपला. जिनीव्हाच्या शार्ल-ऑग्युस्त पैयार याने पॅलेडियमच्या मिश्रधातूची कमान काढली. तिला चुंबकाची बाधा नव्हती, पण धातू महाग.

खरा उतारा निराळ्याच वाटेने आला. शार्ल एद्वार गियोम हा स्विस घड्याळजींच्या घराण्यात १८६१ साली जन्मलेला शास्त्रज्ञ पॅरिसजवळ सेव्हर येथील आंतरराष्ट्रीय वजनेमापे कार्यालयात काम करीत होता. मीटरचे प्रमाण प्लॅटिनमचे. ते फार महाग, म्हणून तो स्वस्त धातू शोधू लागला. १८९६ साली त्यास निकेल-पोलादाचे एक मिश्रण सापडले, ज्याची लांबी उष्णतेने जवळजवळ वाढत नाही. ते इन्व्हार. त्याच शोधाच्या ओघात एलिन्व्हार आले, ज्याची लवचिकता उष्णतेने ढळत नाही. पितळ-पोलादाचे दुपदरी कडे उष्णतेची चूक भरून काढण्यासाठीच तर होते. कमानच ढळेना, तेव्हा त्या कड्याची गरज सरली आणि फिशरचा संशयित पोलादी पदर बॅलन्समधून निघाला. नवी कमानही चुंबकाला पूर्वीइतकी सहज बळी पडेना. गियोमला १९२० साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. उष्णतेशी लढताना चुंबकावरही बरीच मात झाली, हा लाभ अनपेक्षितच म्हणावा.

दुसरा उपाय कुंपणाचा. घड्याळाच्या यंत्राभोवती मऊ लोखंडाची डबी बसविली की चुंबकरेषा तिच्यातूनच वाहून जातात आणि यंत्र बचावते. १९५६ साली रोलेक्सने काढलेल्या घड्याळाचे नावच ‘मिलगॉस’, म्हणजे हजार गॉस. पृथ्वीचे स्वतःचे चुंबकत्व अर्ध्या गॉसच्या आसपास आहे, यावरून त्या आकड्याची कल्पना यावी. २०१३ साली ओमेगाने १५,००० गॉसला न बधणारे घड्याळ दाखविले, आणि त्याला लोखंडी डबी नव्हतीच. कमान सिलिकॉनची होती.

आपल्या कपाटातील जुन्या घड्याळांना हे भाग्य नाही. मोबाईलचा ध्वनिवर्धक, पर्सची चुंबकी कडी, फ्रिजच्या दाराची पट्टी यांत कोठे ना कोठे चुंबक असतोच. आमच्या नात्यातील एका गृहस्थांचे घड्याळ एका दुकानात तीनदा उघडून साफ झाले, तिन्ही वेळा पैसे गेले, आणि ते धावतच राहिले. कोणीही होकायंत्र जवळ धरून पाहिले नाही. काचेवर होकायंत्र ठेवून सुई घड्याळाच्या ठोक्यांबरोबर थरथरू लागली की निदान झाले. उपचारही सोपा आहे. आपल्या घरांतील विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा दिशा पालटतो. तो ज्या वेटोळ्यातून वाहतो, त्यात घड्याळ क्षणभर धरावे आणि प्रवाह चालू असतानाच हळूहळू हातभर दूर न्यावे. दर उलट्या धक्क्याबरोबर चुंबकत्व दिशा बदलते व उणावते, आणि अखेर विरून जाते. घड्याळ वेटोळ्यात असतानाच बटण मिटले तर शेवटचा धक्का अंगी मुरतो आणि ते पूर्वीहूनही अधिक चुंबकित होऊन बाहेर येते.