'मेरा संजय गांधी आया क्या?'

बॅरिस्टर अंतुले म्हटलं की लोकांना अजून सिमेंटच आठवतं. आठवावं, त्या प्रकरणापायीच जानेवारी १९८२ मध्ये त्यांना मुख्यमंत्रीपद सोडावं लागलं. पण शेगावच्या आमच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना सिमेंट ठाऊक नाही आणि अंतुलेही ठाऊक नाहीत. त्यांना ठाऊक आहे 'संजय गांधी'. "सर, मेरा संजय गांधी आया क्या?" असं एखादी खाला विचारते, तेव्हा पासबुकात पैसे जमा झाले का, एवढंच तिला विचारायचं असतं.

अब्दुल रहमान अंतुले ९ जून १९८० रोजी मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राला आजवर मिळालेले ते एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. दोनच आठवड्यांनी, २३ जूनला, संजय गांधी विमान अपघातात गेले आणि त्याच वर्षी राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. नाव दिल्लीकडे बघून ठेवलं, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. पण नावाखाली काय होतं तेही बघा. विधवा, अपंग, म्हातारे, ज्यांना कोणी नाही अशांना दरमहा राज्याच्या तिजोरीतून पैसे. आमदाराच्या हातून नाही, दर्ग्याच्या दारात नाही. तहसीलमधून, अर्ज करून.

राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये बेकारी, आजारपण आणि वार्धक्यात सरकारने मदत करावी असं लिहिलेलं आहे. मात्र ते मार्गदर्शक तत्त्वांत येतं, त्यामुळे त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. उत्तर प्रदेशाने १९५७ मध्येच म्हातारपणाची पेन्शन सुरू केली होती. केंद्र सरकारला मात्र १५ ऑगस्ट १९९५ उजाडावा लागला, आणि तेव्हा त्याने दिले महिन्याला ७५ रुपये. अंतुलेंची योजना त्याच्या पंधरा वर्षं आधीची.

आपल्याकडे हा विषय निघाला की जकात आणि आई-वडिलांची खिदमत यावर बोलून लोक मोकळे होतात. इमाम अबू यूसुफ यांच्या 'किताबुल खराज'मध्ये हजरत उमर (रजि.) यांची एक हकीकत आहे. त्यांना दारोदार मागणारा एक आंधळा, वृद्ध यहुदी भेटला. जिझिया, गरज आणि वय यांनी ही वेळ आणली, असं त्याने सांगितलं. हजरत उमरनी त्याला घरी नेऊन काही दिलं. पण तेवढ्यावर न थांबता बैतुलमालच्या अधिकाऱ्याकडे पाठवलं, त्याचा जिझिया माफ केला आणि अशा सगळ्यांची सोय करायला सांगितलं. घरातून दिलं ते सदका. खजिन्यातून दिलं तो हक्क. माझ्या मते या हकीकतीतली खरी गोष्ट दुसरी आहे.

आता आपली कागदपत्रं बघू. ६५ वर्षांपुढच्यांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे. म्हणजे सरकार मुलगा झालं आणि आई-बाप कावडीत बसले! आमच्या म्हाताऱ्यांना कावड नको आहे, त्यांना आपल्या पायांनी नळापर्यंत जायचं आहे. मदत मिळायला मात्र आधी 'निराधार' ठरावं लागतं. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये. रोज ३०० मजुरी धरली तर सत्तर दिवस काम मिळालेलं घर त्या मर्यादेला टेकतं. मग रेशन कार्ड विभक्त करायचं, मुलगा जेवू घालत नाही असं कागदावर आणायचं. मुलगा शेजारच्याच खोलीत असतो, जमेल तेवढं घालतोही. स्वतःच्या लेकराला कागदावर नालायक ठरवताना बायांचा चेहरा उतरतो. मी अर्ज भरतो, म्हणून सांगतो.

नावांचा घोळ वेगळाच. आधारवर 'बेगम', रेशन कार्डावर 'बी', बँकेत नुसतं 'शेख'. जन्मतारीख निम्म्या जणींची १ जानेवारी. जन्मभर कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजल्या, त्यामुळे मशीन अंगठा घेत नाही.

रक्कम ६०० वरून १,००० झाली, २०२३ मध्ये १,५०० झाली. यात ८० वर्षांखालच्यांसाठी केंद्राचा वाटा २०० रुपयेच, २००६ पासून तोच. २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. चष्मा, काठी, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये, थेट खात्यात. ही योजना मला आवडली, कारण इथे 'तुझं कोणी नाही हे सिद्ध कर' याऐवजी 'तुला चालायला काय लागतं' असं विचारलं गेलं. पण काठी एकदा घेता येते. श्रवणयंत्राचा सेल पुन्हा पुन्हा लागतो, बँकेत सोबत कोणीतरी लागतं, डोळ्यांत थेंब घालायला दिवसातून तीनदा हात लागतो. त्या हातासाठी सरकारी खर्चात वेगळी रक्कम दिसत नाही. तो हात सुनेचा असतो, नाहीतर शाळा बुडवणाऱ्या नातीचा. माझ्या वर्गात अशा मुली आहेत. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे मी गैरहजर लिहितो, कारण दुसरं लिहायला रकाना नाही.