दोन शब्दांचा जोर

१५९६ साली लंडनच्या चॅन्सरी न्यायालयाने लांबलचक लिहिल्याबद्दल एका माणसाला शिक्षा ठोठावली. मिलवर्ड विरुद्ध वेल्डन या दाव्यात वादीतर्फे दाखल झालेलं बाड १२० पानांचं होतं. मजकूर १६ पानांत सहज बसला असता, असं न्यायालयाचं मत पडलं. चौकशीअंती कळलं की ते वादीच्याच मुलाने, रिचर्ड मिलवर्डने, लिहिलं आहे. मग हुकूम निघाला. फ्लीट तुरुंगाच्या अधिकाऱ्याने त्याला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये आणावं, बाडाला मधोमध भोक पाडून त्यातून त्याचं डोकं बाहेर काढावं, लिहिलेली बाजू लोकांना दिसेल असं ते त्याच्या अंगावर लटकवावं, आणि न्यायालयं भरलेली असताना बोडक्या डोक्याने त्याला एकेका न्यायासनापुढून फिरवावं. वर दहा पौंड दंड.

इतकी शोभा होऊनही इंग्रज वकिलांचा हात आखडला नाही. आखडणार कसा? जमिनीच्या दस्तांचा मेहनताना लांबीवर ठरत असे. ७२ शब्दांचा एक फोलिओ, आणि जितके फोलिओ तितके पैसे. ही रीत मोडायला १८८१ चा सॉलिसिटरांच्या मेहनतान्याचा कायदा यावा लागला. त्यानंतर फी मिळकतीच्या किमतीवर ठरू लागली. तोवर ‘व्हॉइड’ म्हणून भागत असताना ‘नल अँड व्हॉइड’ लिहिण्यात वकिलाचं नुकसान काहीच नव्हतं.

पण पैशाच्या हव्यासाने मजकूर लांबतो, तो नेमका जोडीनेच का लांबतो, हे काही त्यातून कळत नाही. ‘विल अँड टेस्टामेंट’, ‘गुड्स अँड चॅटल्स’, ‘सीझ अँड डिझिस्ट’, ‘एड अँड अबेट’, ‘इच अँड एव्हरी’ असे जोडशब्द इंग्रजी कायद्यात पानोपानी भेटतात. त्याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं की १०६६ मध्ये नॉर्मन आले, दरबाराची भाषा फ्रेंच झाली, न्यायालयाचं दफ्तर लॅटिनमध्ये राहिलं आणि रयत इंग्रजीच बोलत राहिली. तेव्हा दोन्ही बाजूंना कळावं म्हणून लेखनिक एक शब्द इंग्रजी आणि एक फ्रेंच घालू लागले. ‘गुड्स’ घरचा, ‘चॅटल्स’ नॉर्मनांचा.

त्या काळचा भाषेचा गोंधळ होताच तसा. १३६२ मध्ये तिसऱ्या एडवर्डच्या राजवटीत कायदा झाला की लोकांना फ्रेंच कळत नाही, सबब न्यायालयातला युक्तिवाद इंग्रजीत व्हावा. गंमत म्हणजे हा कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता! वकिलांनी पुढची तीन शतकं आपली मोडकी फ्रेंच सोडली नाही. १६३१ मध्ये सॉल्झबरीला एका कैद्याने न्यायाधीशावर विटेचा तुकडा भिरकावला. नेम थोडक्यात हुकला, कैद्याचा उजवा हात तोडला गेला आणि लगोलग त्याला फाशी झाली. या प्रसंगाची नोंद ज्या फ्रेंचमध्ये आहे तिच्यात वीट इंग्रजी आहे आणि नेम हुकतो तोही इंग्रजीतच. लॅटिन आणि फ्रेंच न्यायालयांतून कायमची गेली ती १७३३ मध्ये, आधीच्या एका कायद्याचा अंमल सुरू झाल्यावर.

तरीही दुभाषेपणाचा हा खुलासा अर्धाच आहे. ‘नल’ आणि ‘व्हॉइड’ दोन्ही फ्रेंचमार्गे आलेले. ‘सीझ’ आणि ‘डिझिस्ट’ही तसेच. उलट ‘लेट ऑर हिंडरन्स’मधले दोन्ही शब्द अस्सल इंग्रजी, आणि दोहोंचा अर्थ अडथळा. ही जोडी आपल्या घरात कपाटातच सापडेल. भारतीय पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावाने जी इंग्रजी विनंती छापलेली असते, तिच्यात ती आहे. त्याच वाक्यात ‘रिक्वेस्ट अँड रिक्वायर’ आहे, ‘असिस्टन्स अँड प्रोटेक्शन’ आहे. ब्रिटिश पासपोर्टवरून उचललेला हा सगळा सरंजाम. आजचा वाचक ‘लेट’ म्हणजे ‘होऊ द्या’ असं समजून ते वाक्य वाचू लागला तर गोंधळेल.

जोडीचं मूळ कानात शोधलेलं बरं. नॉर्मन येण्याआधीही इंग्रजांची शपथ, दान, साक्ष बरंचसं तोंडी चाले. जे लक्षात राहील तेच पुढे टिकणार, म्हणून एकाच अक्षराने सुरू होणारे दोन शब्द जोडून बोलायची रीत होती. ‘हॅव’ आणि ‘होल्ड’ ही जोडी ‘बेओवुल्फ’ या प्राचीन काव्यातही भेटते. तिथून ती जमिनीच्या दस्तांत शिरली, १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनाग्रंथातल्या विवाहविधीत गेली आणि आजही वधूवरांच्या तोंडी आहे. लेखनिकांना फ्रेंच शब्द मिळाले तेव्हा त्यांनी जुन्याच सवयीला नवा माल पुरवला, असं म्हणणं जास्त पटतं.

मराठी वाचकाला हे नवल वाटू नये. आपल्या इनामाच्या सनदा पाहा. जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप अशी दोरी लांबवून, कुलबाब कुलकानू म्हणत, लेकराचे लेकरीपर्यंत गाव दिलं जाई. शिवकाळात रघुनाथ पंडितांच्या राज्यव्यवहारकोशाने फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी ‘रद्दबातल’ आजच्या मराठी कचेरीतही ठाण मांडून आहे. ‘रद्द’ अरबी, ‘बातल’ही अरबी. ‘नल अँड व्हॉइड’ची ही सख्खी मावसबहीणच.

आणि खुद्द मुंबई कंपनीच्या हाती गेली तीही अशाच एका जोडीच्या साक्षीने. २७ मार्च १६६८ च्या सनदेने दुसऱ्या चार्ल्सने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, वर्षाला सोन्यात दहा पौंड या खंडावर. कायद्याच्या भाषेत ते केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिच या जहागिरीचा भाग मानलं गेलं, आणि धारणेचा प्रकार लिहिला ‘फ्री अँड कॉमन सॉकेज’. माझगाव-परळच्या कोळ्या-भंडाऱ्यांना आपण केंटमध्ये राहतो याची खबरबात असण्याचं कारण नव्हतं.

विसाव्या शतकात या जोड्यांवर कात्री चालवायची भाषा सुरू झाली. डेव्हिड मेलिन्कॉफ या कॅलिफोर्नियातल्या वकिलाने १९६३ मध्ये ‘द लँग्वेज ऑफ द लॉ’ हा जाडजूड ग्रंथ लिहून वकिली शब्दांची कुळी काढली आणि त्यांतले कितीतरी अचूकतेच्या नावाखाली उगाच पोसले जातात हे दाखवलं. त्याचं खरं होतं. उलट या जोड्या धोकादायकही ठरतात, कारण कायद्यातला एकही शब्द निरर्थक नाही असं धरून न्यायालय वाचतं. तुम्ही नादासाठी दोन शब्द घातलेत, तर विरुद्ध बाजूचा वकील दुसऱ्याचा वेगळा अर्थ काढून उभा राहणारच.

मात्र सरसकट छाटणीही अंगाशी येते. ‘असॉल्ट अँड बॅटरी’ ही वरवर तशीच जोडी दिसते, पण ते दोन स्वतंत्र गुन्हे. हात उगारून भीती घातली की पहिला, तो अंगाला लागला की दुसरा. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये भारतीय दंडसंहितेचा मसुदा तयार केला आणि १८६० मध्ये तिचा कायदा झाला. तीत हा फरक राखला होता, फक्त ‘बॅटरी’ऐवजी ‘क्रिमिनल फोर्स’ म्हटलं होतं. ‘इच अँड एव्हरी’ला असा बचाव नाही. तिथे एका शब्दाने भागतं, आणि दोन्ही ठेवले तरी क्रियापद एकवचनीच येतं. ‘प्रत्येक’ची बेरीज ‘सगळे’ होत नाही, हे अनेकांच्या इंग्रजी अर्जांत विसरलेलं असतं.

सगळ्यांत फसवी जोडी मात्र ‘टू ऑल इन्टेन्ट्स अँड पर्पजेस’. आठव्या हेन्रीच्या अखेरच्या काळातल्या, १५४६ च्या कायद्यात ती आली तेव्हा तिच्यात तिसरा शब्दही होता, ‘कन्स्ट्रक्शन्स’. अर्थ होता सर्व बाबतींत, पूर्णपणे. पुढे तिसरा गळला आणि जोरही उतरला. आता तिचा अर्थ ‘जवळजवळ, व्यवहारापुरतं’ एवढाच उरला आहे, त्यामुळे ठासून सांगण्यासाठी ती वापरणारा लेखक प्रत्यक्षात आपलंच विधान पातळ करत असतो. कानाने पसरलेली गोष्ट कानानेच बिघडते, त्याचाही नमुना हीच. १८७० मध्ये अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रात ‘इन्टेन्सिव्ह पर्पजेस’ असं छापून आलं. ‘इन्टेन्ट्स अँड’ भरभर म्हणून पाहिलं की ही चूक का झाली ते कळतं. अजूनही ती कार्यालयीन पत्रांत मधूनमधून डोकावते.