लेट ऑफ स्टीम

लेट ऑफ स्टीम : साठलेला राग, ताण किंवा अंगातली रग बोलून, ओरडून वा धावून-खेळून मोकळी करणे, या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार. अमेरिकेत ‘ब्लो ऑफ स्टीम’ हे रूप अधिक रूढ. वाफेच्या एंजिनांच्या परिभाषेतून एकोणिसाव्या शतकात तो बोलीत आला.

उगम : एंजिन धावत असताना वाफ सिलिंडरमध्ये खर्ची पडते. गाडी स्थानकात उभी राहिली की खर्च थांबतो, भट्टी मात्र पेटलेलीच असते. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाताच सुरक्षा झडप उचलली जाते, जादा वाफ फुसांडत बाहेर पडते आणि दाब उतरला की झडप पुन्हा बसते. फ्रेंच शास्त्रज्ञ दनी पापँ याने १६८० च्या सुमारास लंडनमध्ये आपल्या ‘डायजेस्टर’ या बंद भांड्यावर तरफ आणि वजन लावून अशी झडप बसवली. प्रेशर कुकरची शिट्टी याच तत्त्वावर उचलते.

झडपेकडे दुर्लक्ष जिवावर बेतत असे. १८०३ मध्ये ग्रीनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिक याच्या उच्च दाबाच्या एंजिनाचा बॉयलर फुटून कामगार दगावले. पुढे त्याने बॉयलरला दोन झडपा दिल्या. जादा दाब मिळवण्यासाठी चालक झडप जखडून ठेवत. हे रोखण्यासाठी जॉन रॅम्सबॉटम याने १८५० च्या दशकात दोन झडपा एकाच स्प्रिंगने जोडल्या : एक दाबली की दुसरी सैल होई. भारतात बॉयलर तपासणीचा देशव्यापी कायदा १९२३ मध्ये झाला.

वापर : दिवसभर वर्गात बसलेल्या मुलांचे मैदानावरचे हुंदडणे किंवा वरिष्ठांवर चिडलेल्या माणसाचे मित्रापाशी बोलणे, दोन्हींना लागू. दुसऱ्या प्रसंगी बोलणाऱ्याला बहुधा तोडगा नको असतो, ऐकणारा हवा असतो.

मानसशास्त्र : राग बाहेर काढला की शमतो, ही समजूत सरसकट टिकत नाही. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, चिडवणाऱ्याला मनात धरून पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग उलट वाढलेला आढळला. काहीही न करता बसलेले सर्वांत कमी आक्रमक ठरले. झडपेने दाब उतरतो, भट्टी विझत नाही, ही उगमातली बाब इथे ध्यानात घ्यावी.

मराठी पर्याय : मन मोकळे करणे, भडास काढणे.